मशीननं उत्तर दिलं तो दिवस

नागपूरच्या एसटीवर माझी पेटी बाबांनी स्वतः चढवली. मी चढवतो म्हटलं, तर ऐकलं नाही. शिडीवरून उतरून त्यांनी धोतराला हात पुसले आणि गाडी सुटेपर्यंत टायरांकडे बघत उभे राहिले, जणू गाडी विकत घ्यायची होती. वर्षभर आमची धुसफूस चालली होती. एकुलता एक मुलगा, घरचं वावर, बैलजोडी, आणि हा पॉलिटेक्निक शिकून कॉम्प्युटरच्या नोकरीला निघालेला. माय फाट्यापर्यंत आलीच नाही, तिला म्हणे चुलीवर काहीतरी होतं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा बाबा खिडकीशी आले. "चालला तं चालला," म्हणाले, "पन अर्धं वावर वखरून घरी यायचं नाही, सांगून ठेवतो."

हे मी गावात राहिलेल्या माझ्या चुलतभावांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे निघाले त्यांच्यासाठीही. तुम्हाला वाटायचं, हा नागपुरात मजेत आहे. मजा कसली! सदर भागात कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. त्यात दोनच माणसं, शेठ आणि मी. शेठ दिवसभर गिऱ्हाईक शोधत बाहेर, म्हणजे खरं तर एकटा मीच.

ऐंशीनंतरची ती वर्षं. धंतोलीतल्या एका दवाखान्यानं रक्त तपासायचं परदेशी मशीन जुन्यात घेतलं होतं. ते आकडे छापायचं, पण त्याच्याच खास कागदावर, आणि तो कागद इकडे मिळेना. मशीनच्या मागे वायर जोडायची जागा होती. तिथून आकडे कॉम्प्युटरवर आणून द्यायचे, असं काम शेठनं घेतलं आणि मशीन आमच्या माडीवर आणून ठेवलं. त्यासाठी मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये दुभाष्यासारखा एक प्रोग्राम लिहावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. गावात हा शब्द मी कधी काढला नाही, नाहीतर कोणत्या डेपोत लागलास म्हणून विचारलं असतं.

दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. मशीनची भाषा फक्त ते बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक. कंपनीनं कळवलं, हे मॉडेल बंद झालं आहे, आणि आतली माहिती आम्ही बाहेरच्यांना देत नाही. शेठ म्हणाले, "ढूंढ लो यार, आखिर डिप्लोमा काहे को किया?"

मग मी शोधत बसलो. वायरीतून एकेक आकडा मशीनकडे पाठवायचा आणि बघायचं, दिवा लागतो का, सुई हलते का. बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. मी पाठवतो ते पोचतंय की नाही, हेही कळायचं नाही. गावात बैल जरा लंगडला तर चार जण न बोलावता शहाणपण सांगायला यायचे आणि मला त्यांचा राग यायचा. इथे मला एक माणूस हवा होता, चुकीचं सांगणारा का होईना. अख्ख्या नागपुरात असं काम करणारा दुसरा कुणी असेलही, मला भेटला नाही. खानावळीत शेजारी बसलेल्यानं विचारलं तर मी म्हणायचो, टायपिंग करतो.

स्पष्टच लिहितो, मला परत जायचं होतं. मशीनपुढे बसल्याबसल्या मला वखराची दोरी हातात आल्यासारखी वाटायची. पण आपणहून गेलो असतो तर बाबांच्या पुढे मान वर करता आली नसती. त्यांनी एकदा फक्त 'चाल घरी' म्हणावं, बस. मी त्याच गाडीनं निघालो असतो. दिवाळीला गेलो तेव्हा वाट पाहिली, संक्रांतीला वाट पाहिली. बाबा पिकापाण्याचं बोलायचे आणि उठून जायचे.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस ते ऑफिसच्या जिन्यावर उभे! हातात मायनं दिलेली शिदोरी. "गुडघा दुखून राहिला, धंतोलीत दाखवाचा हाय," म्हणाले. मी त्यांना स्टुलावर बसवलं. गुडघ्यासाठी बाबा नागपूरला येणारे नव्हेत. म्हटलं, आज बोलणार.

बाबांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "दिवसभर असाच एकटा बसून राहतं काय गा?"

"हो."

"अडलं तं कोनाले इचारतं?"

"कोनालेच नाही."

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात खालून चहा आला. मी नुकताच मशीनला दिवसातला पहिला आकडा पाठवला होता. एरवी मी लगेच दुसरा पाठवायचो. त्या दिवशी तो तसाच राहिला आणि आम्ही बशीतून सावकाश चहा प्यायलो. कप ठेवून मी सवयीनं दुसरा आकडा पाठवला, आणि पडद्यावर मशीनचं उत्तर उमटलं. आकड्यांची एक पूर्ण ओळ!

नंतर कळलं, पहिल्या आकड्यानं मशीन जागं व्हायचं आणि त्याला तापायला वेळ लागायचा. तापण्याआधीच दुसरा आकडा आला की ते पुन्हा निजायचं. मी इतके महिने त्याला वेळच देत नव्हतो. पण त्या क्षणी कारण कुणाला हवं होतं? मी उडीच मारली. "बाबा, बोललं! बोललं हे!"

"तुह्याशी?"

"माह्याशीच. नागपुरात कोनाले जमलं नाही हे!"

बाबा उठले आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी मशीनवर हात ठेवला. माझ्याकडे बघून हसले. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी खोलीवर आम्ही शिदोरी खाल्ली, आणि मी घासागणिक वाट पाहत होतो. सकाळी ते म्हणाले, डॉक्टर पुढल्या खेपेले. स्टँडवर म्हणाले, "पोटभर खात जा." गाडी गेली. मला इतका राग आला त्यांचा, की परत येताना रडू फुटलं.

ड्रायव्हर पुरा झाला, मशीनसकट दवाखान्यात बसला. आकडे पडद्यावर येऊ लागले, आणि ते कुणामुळे येतात हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. काही वर्षांनी मशीन भंगारात गेलं, त्याबरोबर माझं कामही.

पण त्याआधी, त्याच वर्षी पोळ्याला मी घरी गेलो, तर दावणीला बैल नव्हते. पोळ्याच्या दिवशी रिकामी दावण! वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलं होतं, जोडी विकली होती. मी मायवर तडकलो. "मले इचारलं काहून नाही?"

माय पुरणाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "इचारायलेच तं आले होते ते नागपूरले. गुडघा काहाचा दुखते त्याईचा! तुले न्यायले आले होते, बाबू. वापस आले अन् म्हने, पोरगं मोठ्या कामात हाय, मशीन त्याचं आयकते. त्याले नाही म्हनलं मी काही."

बाबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे होते. बटईदार त्याच्या जोडीला सजवून तोरणाकडे नेत होता, ते बघत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, तुमी म्हनलं असतं तं मी आलो असतो."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले मालूम होतं. म्हनूनच नाही म्हनलं."

बाबा आता नाहीत, मायही नाही. नागपुरात माझा फ्लॅट आहे, पत्त्यात मी त्यालाच घर लिहितो. गावचं वावर अजून बटईनंच आहे. वर्षातून एकदा जातो, धुऱ्यावर उभा राहतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परततो. तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल की आपल्याला घरानं बोलावलं नाही, तर एवढंच सांगतो. मलाही तसंच वाटायचं. अजूनही त्या धुऱ्यावर कुणी 'चाल घरी' म्हणेल म्हणून मी थोडा जास्तच वेळ थांबतो. माझं घर तेवढ्या थांबण्यातच आहे.