मोकळा न परतणारा थर्मास

एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर थर्मास होता. त्यात बंदरावरून आणलेला, मासळीचा वास लागलेला बर्फ, आणि बर्फात बुचाची एक बाटली. बाटलीत आईची लघवी. हातखंब्याचा फाटा येण्याआधीच शेजारच्या बाईंनी विचारले, "चाय हाय काय गो? घोटभर दे ना." मी म्हटले, "औषध आहे." औषध नव्हते, कोणते औषध चालेल, एवढेच त्यातून कळणार होते.

आई निरोपाला दारापर्यंतही आली नव्हती. मूत्रमार्गाची जळजळ पुन्हा उलटून आता मूत्रपिंडाकडे चढली होती आणि ती तापाने भिंतीला टेकून बसली होती. मी प्रथम मुंबईला शिकायला निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "मोठी हो." या वेळी म्हणाली, "थर्मास परत आण. मोकळा नको."

मुंबईत मी शिकत होते त्या प्रयोगशाळेत तिचे जिवाणू वाढवून त्यांवर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडले, तर चकतीभोवती स्वच्छ कडे उमटते. आमच्या घरात येणाऱ्या एकाही कॅप्सूलच्या चकतीभोवती ते उमटले नाही. जिवाणू हरले ते फक्त एका इंजेक्शनापुढे. त्याचे नाव मी तारेने कळवले, डॉक्टरांनी ते दिले, आणि आई उठली.

माझ्या प्रबंधाचा विषय असा घरातूनच आला. औषधाला न जुमानण्याची जनुके पुष्कळदा जिवाणूच्या एका सुट्या, छोट्या वलयावर असतात, आणि एक जिवाणू त्या वलयाची प्रत शेजारच्याला देऊन टाकतो. सरांनी हे फळ्यावर काढले तेव्हा मला आमच्या परसातला चिऱ्यांचा गडगा, दोन घरांमधली ती बुटकी भिंत, दिसला. गडग्यापलीकडे झुबेदाचाची. तिचा मुलगा कुवेतहून कॅप्सूल पाठवी. जरा बरे वाटले की उरलेल्या दोन्ही घरांत पुडीत बांधून ठेवायच्या, कोणाच्या तरी कामी येतील म्हणून. आमच्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. फणसाची भाजी आलेली वाटी कधी कोकमे घेऊन परते, कधी पुडी. अर्धवट औषधाने दुबळे जिवाणू मरत, चिवट उरत.

हे मी आईला समजावले आणि तिने ऐकले. गणपतीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "तुझं शास्त्र खरंच असेल. पण चाचीनं मागितली नि मी पुडी दिली नाय, त्या दिवसापासून ती गडग्याशी येत नाय. तिला वाटतं, तू शिकलीस नि आम्ही मोठे झालो."

मी फार थकले होते. गावात शहाणपण शिकवायचे, शहरात गाव समजावून सांगायचे; तुमच्यापैकी जे बाहेर पडले, त्यांना हा शीण ठाऊक असेल. तरी थर्मास घेऊन मी गडगा ओलांडला. चाची कमरेवर हात धरूनच वावरत होती; तिलाही तीच जळजळ. मी नमुना मागितला.

"माझं मूत? मुंबईस?" ती हसू लागली. "पोरगा कुवेतला पोचला, मी अजून मुंबई बघितली नाय. जाऊ दे बाय, तेवढं तरी बघून येऊ दे!"

गडग्याच्या आमच्या बाजूने आईचे हसणे ऐकू आले.

चाचीच्या जिवाणूंमध्येही तेच वलय निघाले. तिला चालणारे इंजेक्शन कळवले. दिवाळीत थर्मास परत नेला तो मोकळा नव्हता. आत दोघींसाठी मुंबईची मिठाई होती. सगळी इंजेक्शने पुरती घेतली, एकही मागे ठेवले नाही, असे चाचीने शपथेवर सांगितले.

वसतिगृहात माझ्या खोलीला कडी असते. कोणी काही मागत नाही, कोणी काही देत नाही. संसर्गाच्या दृष्टीने व्यवस्था निर्दोष आहे.

दिवाळी आटोपून परतीच्या दिवशी चाचीने थर्मास मागून घेतला. मी आधीच तो उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला होता. तिने तो भरून दिला. हातखंबा यायच्या आत शेजारच्या आजींनी विचारले, "काय हाय गो त्यात?"

"चहा आहे, घ्या," मी म्हटले आणि झाकणात ओतून दिला. मग उरलेला मीही घेतला. मासळीचा वास अजून थोडा येत होता. घर आता माझ्या मांडीवर मावते तेवढेच उरले आहे. पण अजून ते मला मोकळे पाठवीत नाही.