शिताने चिकटवलेली पाकळी

इथले अनुभव मी दोन वर्षं नुसते वाचतेय, कधी कमेंटसुद्धा केली नाही. बहुतेक वेळा वाचून हसलेच आहे, त्याबद्दल आधी सॉरी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि देवाचं म्हणाल तर मी नास्तिक वगैरे नाही, मी त्याच्यावर चिडलेली आहे. गेल्या वर्षी हायवेवर डंपरने बाबांची बाइक उडवली. गावदेवीला हात जोडल्याशिवाय त्यांनी कधी गाडीला किक मारली नव्हती. तिने काय केलं? काही नाही.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे. गावाच्या टोकाला देवीचं देऊळ आहे — पत्र्याचं छप्पर, उंच उंबरा, आत कमरेएवढी काळी शिळा, वरच्या टोकाला शेंदूर. काही अडलं की गावात तिथे कौल लावतात. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: शिळेच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि देवीला प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी बीएस्सीला आहे. माझ्या लेखी हा पाणी वाळण्याचा मामला होता.

बाबा गेल्यावर काकाच्या राज्यात आई घरातली कामाची बाई झाली. सात माणसांचा स्वयंपाक, दोन म्हशी, वर शेतातलं. मग मुरबाडच्या पलीकडे एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण हवी असल्याचं कळलं. राहायला खोलीसुद्धा मिळणार होती. आईने होकार कळवला आणि घरात सगळ्यांची तोंडं फिरली.

"वर्स झालं नाय भावाला, नि तुमी बाहेर निघाल्या?" काका म्हणाला. "गेलात तर परत ह्या घरात पाय ठेवायचा नाय, वहिनी. पोरीला पन घेऊन जा."

आई एवढंच म्हणाली, "देवी सांगंल तसं, भावजी."

मला राग आला तो आईचा. आपल्या दोघींचं आयुष्य एका पाकळीवर? काका मात्र लगेच शांत झाला. आई कौल कधी मोडत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. कौलाचा दिवस त्यानेच ठरवला — आईला नोकरीवर हजर व्हायचं होतं नेमका तोच. एकच्या आत पोचली नाही, तर ते दुसरी बाई घेणार होते.

त्या सकाळी चाफ्याची फुलं घेऊन मला पुढे पाठवलं. देवळात पुजारीबाबा एकटेच होते, पाठमोरे. त्यांनी नैवेद्याच्या ताटातलं भाताचं शीत उचललं, अंगठ्याने चुरडलं, आधीच आणून ठेवलेल्या चाफ्याच्या एका पाकळीच्या पाठीला चोळलं आणि ती उजव्या अंगाला दाबून धरली. बराच वेळ. लहानपणी पतंग फाटला की आम्ही असाच शिताने चिकटवायचो. वाळलं की नखाने खरवडावं लागायचं.

मी ओरडायला हवं होतं. पण कॉलेजात हजेरीला "येस मॅम" म्हणतानाही माझा आवाज निघत नाही. मी फुलं उंबऱ्यावर ठेवली आणि बाजूला झाले.

लोक जमायला अर्धा तास गेला. मग पुजारीबाबांनी डावी पाकळी नुसत्या पाण्यात बुडवून लावली, उजवीवर थोडं पाणी शिंपडलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे आईकडे बघत होते.

"मुरबाडची मॅडम होनार गो ही!" शेजारची सुमनकाकू मोठ्याने म्हणाली. "पोरीला इंग्लिश शाळेत घातली, आता आयशीला पन पंख फुटलं." बायका हसल्या. आई शिळेसमोर मान खाली घालून बसली होती. माझे कान तापले. मी आईने बांधून आणलेल्या सामानाच्या पिशव्या धरून उभी.

आईने नोकरीला जावं का, हा प्रश्न विचारला गेला. सगळे थांबले.

पाच मिनिटं... दहा... पंधरा. उजवी पडणार नव्हतीच. पण पाण्याने लावलेली डावी? तीही जागची हलेना. काका पुजाऱ्यांकडे बघायला लागला, पुजारी डाव्या पाकळीकडे. पत्रा तापला होता, आत भट्टीसारखं झालं होतं. डावीच्या कडा सुकून वळायला लागल्या, तरी ती तिथेच!

"थांबा, घाई नाय," काका म्हणाला. त्याला काय घाई? एसटी चुकली की कौल न लागताही त्याचंच होणार होतं.

आणि आई उठली. मी तिला देवळातून कौलाआधी उठताना कधी बघितलं नव्हतं. हात जोडून म्हणाली, "माउली, तुझ्यावर सोडून चालले. नको असंल तर वाटेत अडव."

"वहिनी! कौल पडला नाय अजून!"

तिने मागे बघितलं नाही. उजवा पाय उचलला आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवला. त्याच क्षणी — मी शिळेकडेच बघत होते — उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली. घसरली नाही. कोणीतरी उचलून टाकावी तशी पडली. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

सगळ्यांच्या आधी काकाच बोलला, "उठून गेल्यावर पडलेला कौल धरत नाय." दोन-तीन माना लगेच हलल्या. गावात आजही हेच सांगतात, की बाई देवीला लाथाडून गेली.

मी वाकून ती पाकळी उचलली. पाठीवर शीत तसंच होतं, वाळून कडक झालेलं. पुजारीबाबांनी ते माझ्या हातात बघितलं, आणि मी सकाळी दारात होते हे त्यांना तेव्हा कळलं असावं. "कोनाला बोलू नको, पोरी," ते म्हणाले. आवाजात दम नव्हता. घाबरला होता तो माणूस. डावी पाकळी अजून शिळेवरच होती.

आम्ही शहापूरला गाडी बदलली आणि साडेबाराला आश्रमशाळेत पोचलो. वाटेत आईला कोणी अडवलं नाही. आज ती तिथे रोज शंभरेक मुलांचा भात शिजवते, आणि मी त्याच खोलीतून कॉलेजला जाते.

मी नंतर करून बघितलं. पाट्याचा दगड उभा केला, चाफ्याची पाकळी, शीत, अर्धा तास. खरवडावी लागली. पाण्याने लावलेली दर वेळी दहा मिनिटांत पडली. उष्णता, दगडाचा घाम, सगळं डोक्यात आणून झालं. काही जुळत नाही. आणि हेही लिहिते, की माझा राग गेलेला नाही. पाकळी पाडता येते, तर डंपरचा ब्रेक का नाही लावता आला?

आईने मागे वळून बघितलंच नव्हतं, काका बोलला तेव्हा ती एसटीच्या रस्त्याला लागली होती, त्यामुळे तिला यातलं काही माहीत नाही. कौल न लागताच आपण निघालो, असंच ती समजते. सांगायला मी खूपदा तोंड उघडलंय. पण ती आधी पाकळीचं विचारणार नाही. ती विचारेल, "चिकटवताना बघितलंस, नि गप ऱ्हायलीस?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पाकळीचं अजूनही नाही.