शेपटीचा पंखा

रियाधमधल्या ओळखीच्या मराठी घरांत सदानंद हा 'हेलिकॉप्टरवाला' होता, आणि ही ख्याती पसरवण्याचं सगळं श्रेय त्याचंच. हवाई दलात पंधरा वर्षं तो चेतक हेलिकॉप्टरांजवळ होता, हे खरं. पण जवळ म्हणजे स्टोअरमध्ये. खिडकीतून नट, वायसर, शेपटीच्या पंख्याची पाती द्यायची. उडायचं सोडाच, आत बसायचाही योग आला नव्हता. इथे आल्यावर मात्र गप्पांच्या ओघात तो हेलिकॉप्टर दुरुस्त करू लागला.

पंचाईत केली ती आठवीतल्या मुलीने, स्वानंदीने. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बाबा स्वतः मॉडेल चालवून दाखवतील, असं ती टीचरना सांगून आली. 'माय फादर, हेलिकॉप्टर इंजिनिअर' असं कार्डही तयार. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

मग महाशय अभ्यासाला लागले. महायुद्धानंतर फ्रेंचांनी लहान हेलिकॉप्टरांचे नाना प्रयोग केले, आपला चेतक त्याच घराण्यातला, हे वाचून त्याची छाती फुगली. मॉडेल त्याने 'जिन'चं निवडलं. पन्नासच्या दशकातलं दोन माणसांचं चिमुकलं यंत्र. दाबलेली हवा पात्यांच्या टोकांतून सुटे आणि पाती आपसूक गरगरत, बागेत पाणी शिंपडणाऱ्या फिरत्या तोटीसारखी. टायरात हवा भरायचा विजेवरचा पंप घरी होताच.

मॉडेल झालं. शेवटी त्याने शेपटीला बॅटरीवरचा पंखा जोडला.

"हा कशाला हो?" बायकोने, सरोजने, विचारलं.

"त्याच्याशिवाय हेलिकॉप्टर स्वतःभोवती गिरक्या घेतं. पंधरा वर्षं ती पाती काय उगाच दिली मी?"

प्रदर्शनात त्याने ऐटीत दोन्ही बटणं दाबली. वर पाती छान फिरली आणि खाली धड भोवऱ्यासारखं गरगरलं. शेपटीने आधी चहाचा कप उडवला, मग प्राचार्यांचा चष्मा. त्याने घाईने पंप बंद केला. पाती थांबली, धड मात्र फिरतच राहिलं. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. टोकांतल्या हवेवर फिरणारी पाती धडाला उलट रेटतच नाहीत. ज्याला शेपटीचा पंखा लागतच नाही, त्यालाच त्याने सवयीने तो चिकटवला होता.

मुलं खिदळत होती. स्वानंदी हसली नाही.

"बाबा, यू यूज्ड टू रिपेअर दीज, ना?"

'बॅटरी खराब निघाली' हे वाक्य ओठांवर आलं होतं. तिच्याकडे बघून त्याने ते गिळलं.

"नाही गं. मी स्टोअरकीपर होतो. दुरुस्त दुसरे करायचे. मी खिडकीतून सामान द्यायचो."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वानंदीने पंखा उपटला आणि पंप लावला. पाती फिरली, धड जागचं हललं नाही. मग तिने कार्ड उचललं. आता फाडणार, असं त्याला वाटलं. तिने 'इंजिनिअर' खोडून वर 'स्टोअरकीपर' लिहिलं आणि कार्ड पुन्हा टेबलावर, सगळ्यांच्या पुढे ठेवलं.

"यल्ला, चला बाबा," ती म्हणाली, "नाऊ एक्सप्लेन."