वाटणीत राहिलेला न्यूट्रल

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा सगळं मोजून निम्मं झालं, आणि विजेचं बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी दहावीला विज्ञान शिकवते.

घर खाडीकडच्या गावातलं, दोघा भावांचं. दादा थोरले, आमचे हे धाकटे. मधली भिंत कुठून घालायची यावरून दोघांचं बिनसलं. वीतभर जागेचा प्रश्न होता. भिंत उभी राहिली, मीटर दोन झाले, स्वयंपाकघरं दोन झाली आणि भावांचं बोलणं संपलं. गणपती दादांकडे बसतो. हे दर्शनाला जायचे, देवाला हात जोडायचे आणि दादांकडे न बघता परत यायचे. (प्रसाद मात्र मागून घ्यायचे.) मला याचं फार वाईट वाटायचं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना, सुनंदावैनींनाही वाटत असणार. पण नवऱ्यांच्या भांडणात पडलं की खापर बायकांवर फुटतं, म्हणून आम्ही दोघी गप्प होतो.

दादांना बाहेर पडताना मेन स्विच पाडायची सवय. ते चिंचोटीला सासुरवाडीला गेले की इकडे आमच्या स्वयंपाकघरातला दिवा आणि पंखा बंद व्हायचा. पुढच्या खोल्यांत वीज असायची. ते परतले की आमचा पंखाही फिरू लागायचा. हे म्हणाले, दादा मुद्दाम करतो. मी म्हटलं, स्वतःच्या घराला कुलूप लावून ते आपला पंखा कसा बंद करतील? त्यावर त्यांनी, सायन्स तुझं आहे, तूच सांग, असं म्हणून माझ्या पदवीलाच हात घातला.

मग मी टेस्टर घेऊन स्टुलावर चढले. दिव्याचं बटण चालूच होतं. होल्डरच्या एका टोकाला टेस्टर लावला, पेटला. दुसऱ्या टोकाला लावला, तिथेही पेटला. दोन्हीकडे वीज आणि दिवा मात्र बंद! वर्गात एखाद्या मुलाने हे सांगितलं असतं तर मी त्याला फळ्याजवळ उभं केलं असतं. घरात मी स्टुलावरूनच निकाल दिला की दुसऱ्या तारेतली वीज दादांकडून येते आहे, म्हणजे त्यांनी आपल्या वायरिंगला काहीतरी जोडून ठेवलंय आणि ही सरळ चोरी आहे. यांनी माझ्याकडे इतक्या आदराने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं, हेही सांगून टाकते.

पुढे दादांनी झटका बसू नये म्हणून नवा सेफ्टी स्विच बसवून घेतला, आणि गाडी उलटी फिरली. आता आम्ही स्वयंपाकघरात दिवा, पंखा, मिक्सर, काहीही लावलं की त्यांचं अख्खं घर बंद पडायचं, आणि आमचं स्वयंपाकघरही. विनू, म्हणजे आमचे हे, आपली लाइट ओढतो, असं दादा गावात सांगू लागले. वीज कार्यालयात तक्रार करणार, हेही आमच्या कानावर आलं. म्हणजे दोन्ही घरं एकमेकांना चोर म्हणत होती, आणि त्यातल्या एका घराला शास्त्रीय आधार माझा होता.

अशात एका रविवारी दादांच्या मयुरीला बघायला पाहुणे आले. आम्हाला बोलावणं नव्हतं. हे सकाळपासून ओटीवर पेपर धरून बसले होते, पान काही उलटत नव्हते. मी कालवणाचं वाटण करायला मिक्सर लावला. घर्र झालं आणि बंद. मला वाटलं, दादांनी मुद्दाम मेन पाडला. मग मीही हट्टाने बटण चालूच ठेवलं. बघू कोण आधी दमतं! पलीकडे दादा नव्या स्विचचा खटका वर करत होते, माझा मिक्सर घर्र करत होता आणि खटका पुन्हा खाली येत होता. पाहुणे घामाघूम झाले होते, पोहे निवत होते, आणि भिंतीच्या अलीकडे मी तत्त्वासाठी लढत होते.

इतक्यात मागच्या दारात सुनंदावैनी उभ्या राहिल्या. नवी साडी, कपाळावर घाम.

"सुषमा, तुजा मिक्सर बंद ठेव गो बाय," त्या म्हणाल्या. "तो घर्र करतो नि आमची लाइट जाते. माज्या पोरीचं लगीन मोडंल."

मी बटण बंद केलं. पलीकडे दादांनी खटका वर केला, पंखे फिरू लागले, आणि तेवढ्यात मला माझाच धडा आठवला. वीज एका तारेने येते, काम करते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. ती परतीची तार म्हणजे न्यूट्रल. वाटणीत आमच्या स्वयंपाकघराची येणारी तार आमच्या मीटरला जोडली होती, परतीची मात्र जुन्या वायरिंगमधून दादांच्याच बोर्डात राहिली होती. त्यांनी मेन पाडला की आमच्या विजेची परतीची वाट बंद व्हायची. मी स्टुलावर पकडलेली चोरीची वीज आमचीच होती, आमच्याच दिव्यातून पुढे जाऊन अडकलेली. आणि नवा स्विच म्हणजे पाठवलेली वीज आणि परत आलेली वीज ताडून बघणारा. आमच्या वाटणाची वीज त्यांच्या घरातून परत जाऊ लागली की हिशेब चुकायचा आणि तो पडायचा. कोणी कोणाचं काही घेतलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी आणि वैनींनी मिळून ठरवलं की दोघा भावांना प्रत्यक्ष दाखवायचं. दादा त्यांच्या बोर्डाशी, हे आमच्या मिक्सरशी, मध्ये भिंत. बोलल्याशिवाय प्रयोग होणार नव्हता.

मग दादांचा आवाज आला, "लाव."

"लावला."

"गेली."

प्रयोग तिथेच सिद्ध झाला होता. पण यांनी मिक्सर बंद केला, दादांनी खटका वर केला आणि पुन्हा "लाव" म्हणाले. हे पुन्हा "लावला" म्हणाले. असं कितीतरी वेळ चाललं. वाटण उगाळलेल्या गंधासारखं मऊ झालं. मला थांबवावंसं वाटलं नाही.

शेवटी पलीकडून दादा म्हणाले, "विनू, पावन्यांना पोरगी पसंत हाय."

यांनी एक हात मिक्सरच्या झाकणावर ठेवला आणि दुसऱ्याने डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मी वायरमनला बोलावून आमच्या स्वयंपाकघराला स्वतंत्र न्यूट्रल ओढून घेतला. सुरक्षेचा प्रश्न होता, त्यात भावना आणून चालत नाही. दोन्हीकडे सगळं सुरळीत झालं. आणि मग मला धास्ती वाटली, की आता या दोघांना बोलायला निमित्त काय उरलं?

त्या संध्याकाळी दादांच्या ट्यूबलाइटचा उजेड आमच्या अंगणात लख्ख पडलेला असताना हे भिंतीशी गेले आणि त्यांनी विचारलं, "दादा, लाइट हाय ना?"

"हाय. तुमच्याकडं?"

"हाय."

तेव्हापासून ही चौकशी रोज संध्याकाळी होते, अगदी गांभीर्याने, आणि बोलता बोलता जेवायची वेळ होते. घरात विज्ञानाची शिक्षिका असताना विजेबद्दल मला कोणी काही विचारत नाही. माझा आजवरचा निकाल पाहता ते योग्यच आहे.