हिरव्या पट्ट्याचा बैल
ताज्या तेलरंगाचा वास आला की मला आत्याचा बैल आठवतो. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. गाव सुधारायचं म्हणून चौकातला जनावरांच्या पाण्याचा दगडी हौद बुजवून तिथं बगीचा केला होता; मधोमध कारंजं, भोवती नुकतंच रंगवलेलं हिरवं रेलिंग आणि फाटकावर पाटी, ‘जनावरांना मनाई’. बाजाराच्या दिवशी नळदुर्गच्या वाटेनं उन्हातून आलेल्या गाड्या नेहमीसारख्या चौकात थांबल्या आणि बैल पाण्याच्या आवाजाकडं माना वळवून उभे राहिले. विधवा आत्या गाडी स्वतःच हाकायची; मी लहान, तिच्याशेजारी बसलेली. तिनं बैल सोडले आणि सरळ फाटकातून आत घातले. शिपाई धावत आला, “बाई, पाटी वाचता येत न्हाय का?” आत्या म्हणाली, “मला येतंय की. बैलास्नी येत न्हाय, तुमीच वाचून दावा.” एक साहेब समजुतीनं म्हणाले, “अहो, ही गावाची शोभा आहे.” “आमी बाजाराला न्हाय आलो तर कुणाला दावता शोभा?” हे ऐकून मागच्या गाडीवाल्यांनीही बैल सोडले आणि सगळ्यांनी कारंज्यावर पाणी पाजलं. बाहेर पडताना आमच्या पांढऱ्या बैलाच्या कुशीला ओल्या रंगाचा पट्टा लागला. आत्यानं तो कुणाला पुसू दिला नाही. रंग झिजून जाईपर्यंत बैल तसाच दर बाजाराला चौकात यायचा. परवा त्याच चौकाच्या सुशोभीकरणाचा नकाशा घेऊन दोन तरुण इंजिनिअर जुन्या माणसांचं मत विचारायला घरी आले. दिवे, बाकडी, फोटो काढायची जागा, सगळं दाखवलं. मी विचारलं, “पाणी कुठंय?” ते हसले, “आजी, आता बैल कुठं येतात?” “माणसं येतात न्हवं,” म्हटलं, आणि नकाशावर पाणपोई काढेपर्यंत दोघांना उठू दिलं नाही.