काचेच्या पेल्यातली जाई

माझी थोरली जाऊ, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, तिला कुणी विचारलं की माहेरून काय आणलंस, तर ती अंगणातल्या जाईकडे बोट दाखवायची. माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. सासर इकडे कोपरगावकडे, उसाच्या सपाट रानात. लग्न होऊन येताना ओल्या फडक्यात गुंडाळून जाईची फांदी तिनं मांडीवर धरून आणली होती. ती ओट्याशी लावली आणि ती पार पत्र्यावर चढली. मी या घरात आले तेव्हा माझ्या वेणीत पहिला गजरा त्याच जाईचा होता, अक्काच्या हातचा.

रस्ता रुंद करायचं ठरलं, मोजणीवाले ओट्यावर खुणा मारून गेले, तेव्हा अक्कानं अंथरूण धरलं होतं. ओट्याचं तिनं काही मनाला लावून घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "वटा जाऊ दे. माझी जाई तेवढी कुटंतरी जगवा. मला बघून जाऊ द्या."

आता जाईची फांदी मातीत खोचायची, हे काय मला नवीन होतं? कुंडीत चार फांद्या लावल्या, कुंडी अक्काच्या खोलीत आणून ठेवली. पण तिला कुठला दम!

"धाकटे, मूळ फुटलं का?"

"अक्का, मातीत काय चाललंय ते मला कसं दिसायचं?"

"मग उपटून बघ की जरा."

मरणाला टेकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी एक फांदी उपसली, दाखवली, परत खोचली. दोन दिवसांनी दुसरी. अशा चारही गेल्या.

मग अक्काची सून म्हणाली, "काकी, आपण जेलमध्ये लावू. काचेच्या पेल्यात. आरपार दिसतं, उपटायची गरजच नाही." तिनं ते मोबाईलवर बघितलं होतं. मला वाटलं आता कुठली महागाची पावडर मागवते, तर तिनं डबा उघडून चायना ग्रास काढलं. पोरांसाठी थंडगार जेली करतो ना आपण, तेच. पाण्यात उकळायचं, पेल्यात ओतायचं, गार होऊन थरथरायला लागलं की त्यात फांदी उभी करायची.

सून शेगडीशी होती. आतून अक्काचा आवाज आला, "त्यात गूळ घातला का गं?"

"आत्या, गूळ कशाला? झाडाला लावायचंय."

"लांबून आलेल्याला कुनी नुसतं पानी देतं व्हय? तिचं घर सुटलंय. गूळ घाल."

आमच्याकडे दारी आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा, मग पाण्याचा तांब्या. अक्का स्वतः नवरी म्हणून आली तेव्हा तिलाही तसाच दिला असणार. सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, घाल, खडाभरानं काय होतंय. व्हायचं ते झालंच. आधी मुंग्यांची रांग लागली, मग जेलवर कापसासारखी बुरशी धरली आणि फांद्या खालून काळ्या पडल्या. सुनेनं पेला मोरीत नेला.

अक्कानं वास ओळखला. म्हणाली, "माझ्या गुळानं मारलं न्हवं?" त्या दिवशी ती जेवलीही नाही.

तोवर रस्त्यासाठी खणलेल्या चरात मुळं तुटून वेलीचं निम्मं अंग वाळलं होतं. ओटा पाडायचं मशीन कधी येईल नेम नव्हता. उरलेल्या हिरव्या भागातून मी तीन फांद्या कापल्या. या खेपेला पेले उकळून घेतले, चायना ग्रास अळणी शिजवलं, वरून प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी घातली. पेले अक्काच्या उशाशी, खिडकीत ठेवले. ती कुशीवर वळून बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "असं उगडं नगं ठेवू. मूळ अंधारात येतं. मी बघते म्हनून लाजतंय ते." मी माझ्या जुन्या खणाचा तुकडा पेल्यांना गुंडाळला. सून हसली, पण म्हणाली, "बरंच आहे काकी, उजेडानं शेवाळ धरतं."

रोज दिवेलागणीला खण बाजूला सारायचा, अक्काला दाखवायचं, परत झाकायचं. काहीच नसायचं. नुसतं पाण्यासारखं जेल आणि त्यात काडी. दोन फांद्यांची पानं गळाली. महिना होत आला. अक्काचं बोलणं तुटक झालं, पेज सुद्धा गिळवेना.

मग एका संध्याकाळी खण सारला, तर उरलेल्या काडीच्या पेराशी पांढरं काही तरी. मला वाटलं परत बुरशी. पेला दिव्याशी धरला. नाही, दोरा होता. शेवईच्या टोकाएवढा, जेलमध्ये तिरका घुसलेला.

"अक्का, बघ. आलं गं."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी पेला अगदी जवळ नेला. ती बराच वेळ बघत राहिली, बोट काचेवर तिथंच टेकवलं. तिला खरंच दिसलं की माझ्या आवाजावरून तिनं ताडलं, मला आजही सांगता यायचं नाही.

"झाक आता," म्हणाली. "दमलं असंल."

त्यानंतर आठवडा गेला नाही, अक्का गेली. मशीन आलं तेव्हा तिचे दिवस चालू होते. ओटा गेला, वेल गेली, मी आतच बसून होते.

दिवस झाल्यावर मागच्या अंगणात मी खड्डा केला. सून म्हणाली, "काकी, जेल धुऊ नका, मुळं नाजूक आहेत, तसंच उतरवा." तो थरथरता गोळा मी ओंजळीत घेऊन मातीत ठेवला, वर भुसभुशीत माती लोटली, तांब्याभर पाणी घातलं.

घरातून येताना मी सवयीनं गुळाचा खडाही आणला होता. तो हातातच राहिला. झाडाला द्यायचा नाही, हे आता कळलेलं. मग तिथंच बसून मी तो हळूहळू खाल्ला.