आबा आलेत का निघालेत

भर दुपारी आबा दारात उभे. अंगात सदरा, हातात रिकामी पिशवी, पायात चपला. मी विचारलं, आलात का निघालात? "त्येच कळंना झालंय बघ," म्हणाले. जन्मभर कोल्हापूर-कोडोली गाडी चालवलेला हा बाप, आणि राजारामपुरीतल्या स्वतःच्या उंबऱ्यावर कुठल्या बाजूला वळायचं ते कळेना. मला आधी रागच आला. मग भीती वाटली.

पिशवीवरून काही कळत नव्हतं, कारण हल्ली ते बाजारातून रिकामेच परत यायचे. मी वाकून चपलेच्या कडेला बोटं लावली. चामडं चांगलंच तापलेलं. म्हणजे उन्हातनं आलेत. आबांना वाटलं, पोरगी पाया पडतेय. सुखी ऱ्हा म्हणाले आणि आत आले.

ही अक्कल मला कामातूनच सुचली. मी एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिकांचा, म्हणजे आकाशगंगांचा, अभ्यास करते. ते मिसळणं कोट्यवधी वर्षं चालतं आणि आपल्या हाती लागतो एक फोटो. दोघी जवळ येतायत, का एकदा भिडून लांब चालल्यात, कसं सांगणार? भिडून गेल्या असतील तर धुळीआड नवे तारे पेटलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची धग, म्हणजे अवरक्त किरण, बाहेर येते. ती टिपणारा कॅमेरा आम्ही काही जणांनी मिळून बांधला. त्याला बर्फाहून कितीतरी गार ठेवावं लागतं, नाहीतर बेटा स्वतःचीच ऊब बघत बसतो. तो आता लांबच्या डोंगरावरल्या दुर्बिणीला बसवायचा होता आणि मला महिनाभर तिकडं जायचं होतं.

जाऊ का नको, डोक्याचा नुसता भुगा झाला. डॉक्टर म्हणाले होते, विसरणं आता वाढतच जाणार. मी परत येईन तेव्हा आबा मला ओळखतील ना? शेजारच्या काकू म्हणाल्या, मी हाय की, जा बिनघोर. सोबतचे म्हणाले, तुझ्याशिवायही बसवू, फक्त लवकर सांग. त्यानं तर आणखीच घोळ झाला. कुणीतरी दटावून 'ये' म्हणायला हवं होतं. रोज बेत करायची, रोज मोडायची. आबा दारात दिसले की चपलेला हात लावायची आणि फुकटचा आशीर्वाद घ्यायची.

शेवटी एका सकाळी बूट घातले, बॅग उचलली. आबा आतून आले. आधी बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि माझ्या बुटाला बोटं लावली. अहो आबा, काय करताय म्हणेपर्यंत उठलेसुद्धा.

"गार हाय," ते म्हणाले. "म्हंजे अजून गेली न्हाईस."

बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता. मला रडू आवरेना. बॅग उचललेली होती, ती खाली ठेवावी का बाहेर न्यावी काही कळेना. तशीच धरून उंबऱ्यात उभी राहिले.